वेताळ, फासा आणि कोरा कागद

पोरी, तू जुनी कॉमिक्स गोळा करायला लागलीस, शनिवारी मैत्रिणी जमवून फासे टाकत राक्षस मारतेस आणि आता स्वतःची चित्रकथा काढायची म्हणतेस, हे कानावर आलं. तुझ्या बापाने कपाळाला हात लावला असणार. मनावर घेऊ नकोस; कॉमिक्समधल्या वेताळाची कवटीची अंगठी म्हणून आईचं शिवणाचं अंगुस्तान बोटात घालून वाडाभर हिंडणारा हाच तो. मला विचारलंस म्हणून सांगते. सगळं एका बैठकीत गिळायचं नाही, लागेल तसं काढून वाचायचं. आत्या फार बोलते हे मला ठाऊक आहे, ते वेगळं सांगू नकोस.

१. आधी वाच, मग जमव — न वाचलेला गठ्ठा घरात जागा खातो आणि वर आपला अभ्यास चाललाय असा भ्रम देतो.

२. रद्दीच्या दुकानात गेलीस की थेट गठ्ठ्यात हात घालू नकोस, मालकाशी आधी दोन शब्द बोल — पुढच्या वेळी कुणाच्या माळ्यावरचं सामान आलं की त्याला तुझी आठवण होईल. मुंबईत फ्लोरा फाउंटनचा पदपथ असो, माटुंग्याचं किंग्ज सर्कल असो की पुण्यात अप्पा बळवंत चौकाचा परिसर, माणूस ओळखीचा झाला की पुस्तक सापडतं.

३. इंद्रजाल कॉमिक्सचा अंक घेताना आधी मधलं पान बघ, मग पिना, आणि सगळ्यात शेवटी मुखपृष्ठ — मधलं पान नसलेला अंक घरी आणलास तर वेताळ कड्याला लोंबकळतोय तो जन्मभर लोंबकळतच राहील.

४. ‘दुर्मीळ आहे ताई’ असं कानावर पडलं की पाकीट आत ठेव आणि एक फेरी मारून ये — इंद्रजाल मार्च १९६४ मध्ये सुरू झालं ते १९९० पर्यंत चाललं, तेही अनेक भाषांतून. एवढा पसारा एका दुकानात संपत नाही.

५. पैसे नाहीत म्हणून अडू नकोस. बालभारतीने १९७१ मध्ये सुरू केलेल्या ‘किशोर’चे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात, आणि हक्क संपलेली जुनी अमेरिकी कॉमिक्स डिजिटल कॉमिक म्युझियमच्या साठ्यात मिळतात — डोळे श्रीमंत व्हायला खिसा श्रीमंत असावा लागत नाही.

६. कॉमिक्सचं कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नकोस — आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल भिंतीतून येते आणि आधी सगळ्यात आवडत्या अंकाला गाठते.

७. पानं दमट लागली तर पंख्याखाली पसर, उन्हात नको — हा कागद वर्तमानपत्राचा, त्यात लाकडातलं लिग्निन राहिलेलं असतं आणि ते उजेडात भराभर पिवळं पडतं. ऊन पापडांना द्यावं, वेताळाला सावलीच बरी.

८. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावायची नाही, कितीही दया आली तरी — तिचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन शाईत उतरतो, आणि पट्टी गळून पडली तरी डाग राहतो. चिकटपट्टीची दया, पानाची माती.

९. लावायचंच असेल तर पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची खळ, तीही बेताची — खळ पाण्याने पुन्हा सुटते, म्हणजे उद्या कुणी अधिक जाणतं भेटलं तर त्याला तुझं काम सोडवता येईल.

१०. प्लास्टिकची पिशवी पॉलिप्रॉपिलिनची घे, मऊ आणि वासाची पीव्हीसी नको — पीव्हीसी काळाने चिकट होतं आणि मुखपृष्ठाचा रंग ओढून घेतं.

११. लॅमिनेशनचं नावसुद्धा काढू नकोस — ते परत निघत नाही.

१२. कडुलिंबाचा पाला कपाटात ठेवायचा तर पूर्ण वाळवून, कापडात बांधून — ओला पाला कसर पळवण्याआधी बुरशी बोलावतो.

१३. वडापाव एका हातात आणि १९६८ चा अंक दुसऱ्या हातात, हे चालणार नाही — तेलाचा ठसा तुझ्यापेक्षा जास्त जगेल.

सांभाळण्याचं एवढं पुरे. जपणुकीत रमणाऱ्या माणसांची एक वेगळी जात असते. त्यांची कपाटं सुरेख असतात आणि वह्या कोऱ्या. तू त्यात जाऊ नयेस अशी माझी इच्छा आहे. तुला चित्रं काढायची आहेत, म्हणून आता बघायचं कसं ते.

१४. पहिलं वाचन गोष्टीसाठी कर, दुसरं फुगे बोटांनी झाकून — शब्द गेल्यावरही कोण कुणावर चिडलंय हे कळलं तर चित्रकाराने काम केलंय, नाहीतर लेखकाने त्याला उचलून नेलंय.

१५. शब्द अजिबात नसताना चित्र कसं बोलतं हे पाहायला शि. द. फडणिसांकडे जा. ‘मोहिनी’ मासिकाच्या एका गाजलेल्या मुखपृष्ठावर त्यांनी तरुणाच्या बुशशर्टावर मांजरं काढली आणि शेजारच्या तरुणीच्या साडीवर उंदीर, बस्स — पुढचं सगळं बघणाऱ्याच्या डोक्यात घडतं, आणि म्हणून ते त्याचं स्वतःचं होतं. याच हाताने गणिताची पाठ्यपुस्तकंही हसरी केली, तेव्हा ‘माझा विषयच रुक्ष आहे’ ही सबब माझ्यापुढे आणू नकोस.

१६. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर शेजारी शेजारी ठेवून बघ, एकेकटे नको — दोघेही गोव्याचे, दोघांनीही दिवाळी अंकांची मुखपृष्ठं गाजवली, पण मुळगावकरांची माणसं देव्हाऱ्यातून उतरल्यासारखी नितळ आणि दलालांची रेघ विषय बदलला की स्वतः बदलणारी. कुठला चांगला हे ठरवायचं नाही. तुझा हात कुणाकडे झुकतो ते फक्त ओळखायचं.

१७. दलालांनी १९४५ मध्ये स्वतःचा ‘दीपावली’ अंक काढला, हेही लक्षात ठेव — चित्र कुठे, केवढं आणि कुठल्या कागदावर छापलं जाणार हे ज्याला माहीत असतं, त्याचं चित्र छापखान्यात मरत नाही.

१८. एकच पात्र वेगवेगळ्या हातांतून कसं गेलं ते बघ. ली फॉकचा वेताळ १९३६ मध्ये रे मूरने काढला तेव्हा तो सावल्यांत बुडालेला होता, विल्सन मकॉयकडे तो साधा सरळ झाला, आणि १९६१ पासून साय बॅरीने त्याला दंड, जंगल आणि भरगच्च पार्श्वभूमी दिली — मुखवटा तोच, पण भीती प्रत्येकाची वेगळी.

१९. मग तुझं एक पात्र घे आणि एकाच दुपारी त्या तिन्ही तऱ्हांनी काढ — आपली शैली कुठली हे विचार करून कळत नाही, हात दुखल्यावर कळतं.

२०. रंगांना फार सोवळं मानू नकोस. हाच वेताळ अमेरिकेत जांभळा, स्वीडनमध्ये निळा आणि इटलीत लाल — बरेचदा रंग चित्रकाराने नाही, छापखान्याच्या सोयीने ठरवलेला असतो, आणि मागाहून लोक त्यात अर्थ शोधतात.

२१. एक भिंग विकत घे आणि जुन्या पानावर धर. आकाशी, किरमिजी, पिवळा आणि काळा असे चारच रंग ठिपक्यांनी एकमेकांत मिसळलेले दिसतील — लाखो छटा हाताशी असलेल्या तुझ्या त्या टॅबलेटवर एक आठवडा चारच रंग वापरून बघ, कुठला रंग खरंच लागतो ते समजेल.

२२. ‘चांदोबा’तली शंकर यांची विक्रम-वेताळाची चित्रं बघताना कंटाळू नकोस. राजा तोच, खांद्यावरचं प्रेत तेच, स्मशान तेच, आणि हे वर्षानुवर्षं — नव्या कल्पनेवर कुणीही चार दिवस निघतो, जुनीच चौकट पुन्हा काढायला बसतो तो चित्रकार.

२३. राम वाईरकरांनी अमर चित्रकथेचा ‘कृष्ण’ काढला आणि ‘टिंकल’च्या सुप्पंडीला चेहराही त्यांनीच दिला. पुण्याच्या प्रताप मुळिकांनी पुराणातले वीर काढले आणि नंतर राज कॉमिक्सचा नागराजही — तेव्हा ‘मी फक्त गंभीर काम करते’ असं कुणी म्हणालं की तू गालात हस आणि दोन्ही कर.

२४. चित्रकथेतल्या बहादूरचे कपडे नीट बघ. आबिद सुरतींनी १९७६ मध्ये लिहिला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी रेखाटला, तो भगव्या कुर्त्यात आणि जीन्समध्ये चंबळच्या दरोडेखोरांमागे धावतो — घट्ट चड्डी आणि झूल न घालताही नायक होता येतं, आणि उकाड्याच्या देशात ते जास्त पटतं.

२५. आवडत्या पानातलं खटकणारंही मोठ्याने म्हण. जादूगार मँड्रेकचा लोथार सुरुवातीला बिबट्याच्या कातड्यात वावरणारा नोकर होता, जंगलातली माणसं गोऱ्या नायकापुढे वाकलेली असायची, आणि आपल्याकडच्या चित्रकथांत देव गोरे नाहीतर निळे आणि राक्षस नेमके सावळे — न बोलता घेतलेली सवय हातातून परत कागदावर उतरते, आणि मग ती तुझी होते.

२६. प्रकाशकांनी तेव्हाही बदल केलेच की. मूळ पट्टीतलं वेताळाच्या देशाचं नाव आपल्याकडे कानाला भलतंच वाटेल म्हणून इंद्रजालने ते ‘डेंकाली’ केलं — तुझ्या गोष्टीत काही बोचत असेल तर छापायच्या आधी बदलणं हा दुबळेपणा नाही.

२७. वॉली वूड नावाच्या अमेरिकी चित्रकाराची ‘हमखास चालणाऱ्या २२ चौकटी’ ही यादी शोधून टेबलासमोर लाव — दोन माणसं पानभर नुसती बोलत बसली की चौकटी मरतात, आणि मागून प्रकाश, नुसता हात, दूरची खिडकी असल्या साध्या युक्त्या त्यांना उठवतात. ही यादी त्याने स्वतःच्या सोयीसाठी केली होती. लॅरी हामा याने ती एका कागदावर जोडली म्हणून आपल्यापर्यंत आली.

२८. पायांकडे बघ. चेहरा सगळेच काढतात — माणूस खोटं बोलतोय, थकलाय की पळायच्या बेतात आहे हे जुने चित्रकार पावलांवरून सांगायचे. तू मात्र पायांच्या जागी नेहमी गवत काढतेस, ते मी पाहिलंय.

आता नक्कल. या शब्दाला तू उगाच घाबरतेस.

२९. नक्कल भरपूर कर, पण वहीत कर, आणि खाली मूळ चित्रकाराचं नाव व अंक लिही — सहा महिन्यांनी ती रेघ तुझी की त्याची हे तुलाच सांगता येणार नाही.

३०. १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा फाशांचा खेळ निघाला, तेव्हा त्यातली काही चित्रं ग्रेग बेल या तरुणाने मार्व्हलच्या १९६८ च्या ‘स्ट्रेंज टेल्स’मधल्या चौकटी समोर ठेवून काढली होती. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही, आता लोक दोन्ही शेजारी ठेवून दाखवतात — उसनी रेघ उशिरा का होईना, दार ठोठावतेच.

३१. म्हणून एका चित्रातून एकच गोष्ट घे: या पानातला उजेड, त्या पानातली उभं राहायची ढब, तिसऱ्यातलं झाड — तीन घरचं घेतलं की चौथं घर उभं राहतं, एकाच घरचं घेतलं की नुसती उसनवारी.

३२. स्वस्त खेळण्यांना हसू नकोस. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या जनकांपैकी एक, गॅरी गायगॅक्स, दुकानातून हाँगकाँगची प्लास्टिकची विचित्र जनावरं घेऊन आला, डायनासोर धड नाही आणि दुसरं काही धड नाही अशी, आणि त्यांना नावं आणि सवयी देत बसला. घुबडाच्या डोक्याचं अस्वल, लोखंडाला गंज चढवून खाणारा प्राणी, जमिनीखालून उसळणारा राक्षस हे सगळे त्या पाकिटातून आले — आकार फुकट मिळतो, ‘हे काय खातं?’ हा प्रश्न मात्र आपण विचारावा लागतो.

३३. पुढच्या जत्रेत त्यामुळे भाच्यांसाठी म्हणून असल्या खेळण्यांचं एक पाकीट घे आणि स्वतःजवळ ठेव — कुणी विचारलं तर अभ्यास आहे म्हणायचं. यात खोटं काहीच नाही.

३४. गायगॅक्सने १९७९ च्या आपल्या जाडजूड पुस्तकाच्या शेवटी, ‘परिशिष्ट एन’मध्ये, ज्यांच्यावरून खेळ सुचला त्या कथा-कादंबऱ्यांची यादी दिली. तशी तुझी एक यादी कर, आणि तीत नारायण धारपांचा समर्थ, बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि आजीने सांगितलेली हडळही लिही — परदेशी यादी पाठ केलेल्यांच्या गोष्टी सगळ्या एकाच गावच्या निघतात.

३५. डेव्हिड ट्रॅम्पियरचं त्याच खेळाच्या १९७८ च्या ‘प्लेअर्स हँडबुक’चं मुखपृष्ठ एकदा निवांत बघ. भली मोठी मूर्ती, तिच्या डोळ्यातलं रत्न उचकटणारे दोघे, खाली कुणी मेलेले सरडेमानव ओढतंय, कुणी तलवार पुसतंय; लढाई कधीच संपलेली आहे — मारामारी सगळे काढतात, मारामारीनंतरची झाडलोट काढली की बघणारा स्वतः लढाई रचतो.

इथवर चित्रं. पण मला विचारशील तर तुझी शनिवारची बैठक या सगळ्याहून कामाची आहे. चित्र वहीत असताना गप्प असतं. तेच चार मैत्रिणींपुढे ठेवलंस की एक विचारते दार कुठल्या बाजूला उघडतं, दुसरी विचारते वर काय लिहिलंय, तिसरी सरळ दार जाळते. त्या प्रश्नांची उत्तरं देता देता दुसऱ्याचं चित्र तुझं होऊन जातं. नुसतं बघून हे होत नाही.

३६. महागडे चमकदार फासे नंतर घे. ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ हा १९७५ चा खेळ साध्या सहा बाजूंच्या फाशांवर चालतो — घरातल्या सापशिडीच्या डब्यात सामान आधीच आहे.

३७. कुणी आलं नाही तर रुसून बसू नकोस, एकटी खेळ. स्टीव्ह जॅक्सन आणि इयन लिव्हिंगस्टन यांच्या १९८२ च्या ‘वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन’मध्ये क्रमांक घातलेले ४०० तुकडे आहेत आणि कुठल्या तुकड्यावर जायचं ते वाचणारा ठरवतो, दोन फासे, पेन्सिल आणि खोडरबर पुरतं — फांद्या फुटणारी गोष्ट कशी बांधतात हे आतून दिसतं. रस नीकल्सनची त्यातली काळी-पांढरी चित्रं मात्र रात्री एकटीने बघू नकोस.

३८. खेळ चालवणारी सूत्रधार झालीस की खोलीत शिरताना तीन गोष्टी सांग, एक दिसणारी, एक ऐकू येणारी, एक वासाची, आणि मग ‘काय करता?’ विचारून थांब — सूत्रधार बोलका, तर टेबल मुकं.

३९. आधी गोष्ट लिहू नकोस, जागा लिही — गोष्ट मैत्रिणी पहिल्या पाच मिनिटांत मोडतात, जागा मात्र टिकते.

४०. आणि जागेसाठी युरोपातले किल्ले शोधायची गरज नाही. एकदा देवगिरीला जा, आता दौलताबाद म्हणतात तो. सरळ तासलेला कडा, खाली खंदक, त्यावरून अरुंद वाट, आणि मग डोंगराच्या पोटातली ती ‘अंधारी’: वळणं, फसव्या वाटा, आणि वरच्या तोंडाशी आग पेटवून धूर आत कोंडायची सोय — ज्याने ती खोदली त्याला शत्रू पुढे काय करेल हे पायरी पायरीने ठाऊक होतं, आणि सूत्रधाराला याहून जास्त काही शिकायचं नसतं.

४१. तिथे फोटो कमी काढ आणि पावलं मोजून चौकटीच्या वहीवर नकाशा काढ — फोटोत अंधार सपाट दिसतो, नकाशात तो कुठे वळतो ते कळतं. टॉर्च मात्र ने, आणि वटवाघळांची नक्कल नको.

४२. पात्राला भूतकाळ दे, आणि तो फाशांनी ठरव. ‘ट्रॅव्हलर’ या १९७७ च्या अंतराळातल्या खेळात पात्र तयार करताकरताच ते मरूही शकायचं — आपण ठरवलेली माणसं आपल्यासारखीच असतात, फाशाने दिलेला लंगडा पाय किंवा बुडालेलं कर्ज तुला स्वतःहून सुचलं नसतं.

४३. सहा ओळींचा तक्ता जवळ असू दे: घाटात संध्याकाळी कोण भेटतं? हरवलेला धनगर, रिकामी पालखी, दिवा घेतलेलं पोर, पूर आलेला ओढा, वाट विचारणारा मेलेला मामलेदार, आणि सहावी ओळ मैत्रिणींसाठी कोरी — सुचत नसेल तेव्हा फासा टाकायचा, सुचत असेल तेव्हा तक्ता उलटा ठेवायचा.

४४. खेळ सुरू व्हायच्या आधी कुणाला कुठला विषय नको ते विचारून घे — घरी नुकतंच कुणी गेलं असेल तर मैत्रिणीला थडगं उकरण्यात मजा येणार नाही, आणि मधेच सांगायला तिला संकोच वाटेल.

४५. नियमावरून वाद झाला तर तिथल्या तिथे काहीतरी ठरव आणि पुस्तक घरी गेल्यावर उघड — एका नियमासाठी अर्धा तास पानं उलटलीस तर ड्रॅगनसुद्धा जांभई देईल.

४६. टेबलावर चित्र काढशील ते दोन मिनिटांचं, पेनानेच, खोडरबराशिवाय — नीट काढायला बसलीस की खेळातून उठतेस, आणि वेड्यावाकड्या रेघेतच त्या संध्याकाळची गडबड राहते.

४७. कुणा एकीला दप्तर लिहायला बसव: कोण मेलं, कोण पळालं, काय लुटलं — तीन महिन्यांनी त्याच पानांतून तुझ्या चित्रकथेचा कच्चा माल निघेल. संवाद तर आयते.

आणि आता तुझं पुस्तक. इथे थोडक्यात सांगते, कारण बाकीचं काम तुझ्या हाताचं.

४८. शंभर पानांचं महाकाव्य आत्ता नको, आठ पानांची एक गोष्ट पुरी कर — चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ पासून ‘सकाळ’मधल्या छोट्याशा पट्टीतून घराघरांत गेला. जागा लहान असली की भलतं सलतं आत येत नाही.

४९. आधी अक्षर, मग फुगा. आपल्या अक्षराला वर वेलांटी, खाली उकार — इंग्रजी कॉमिक्समध्ये बघून आखलेल्या फुग्यात मराठी वाक्य कोंबलंस की मात्रा कडेला धडकतात आणि वाचणाऱ्याचा श्वास अडकतो.

५०. पावसाळ्यात शाई सावकाश सुकते, म्हणून हाताखाली कोरा कागद ठेव आणि पान डावीकडून भर — तू उजव्या हाताची आहेस, तुझ्या तळव्यानेच सगळं पुसलं जातं.

५१. प्रत्येक मूळ पानाच्या मागे पेन्सिलीने तारीख आणि क्रमांक लिही, आणि कुणाला देण्याआधी स्कॅन कर — देताना सगळेच परत देईन म्हणतात.

५२. वेताळाचं चित्र काढून स्वतःच्या भिंतीला लाव, मैत्रिणीला वाढदिवसाला दे, पण विकायला ठेवू नकोस — त्याचे हक्क अजून जागे आहेत, आणि तुझं स्वतःचं पात्र विकायला तुला कुणालाच विचारावं लागत नाही.

५३. छापायच्या आधी एखाद्या दहा वर्षांच्या पोराला वाचायला दे आणि गप्प बसून त्याच्या बोटाकडे बघ — जिथे ते मागचं पान उलटतं तिथे तुझं चुकलंय. त्याला ‘आवडलं का?’ विचारू नकोस, आत्याच्या धाकाने ते हो म्हणेल.

५४. पहिल्यांदा प्रती थोड्याच काढ. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची पहिली आवृत्तीही १००० प्रतींचीच होती, डबे हातानेच भरलेले, आणि त्या विकायला वर्षाचा बराचसा भाग गेला — थोड्या प्रती संपतात, शिवाय दुसऱ्या खेपेला चुका दुरुस्त करता येतात. उरलेले गठ्ठे तेवढे पलंगाखाली सरकवू नकोस. तुझ्या आईला मी चांगली ओळखते.